मानवी विचारांचा पाया जन्मजात असतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न नेमका कशाबद्दल आहे?

माणसाचे मूल जन्मतःच रडते, दूध ओढते आणि आवाजाच्या दिशेने मान वळवू पाहते, याबद्दल कोणाचाच वाद नाही. वाद त्याच्या पुढचा आहे. जगात सुट्या, घन वस्तू असतात, नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, तीन हे दोनांपेक्षा जास्त असतात, हलणाऱ्या गोष्टींपैकी काही स्वतःच्या हेतूने हलतात, या समजुती मूल अनुभवातून कमावते, की त्या बरोबर घेऊनच ते अनुभवाला सामोरे जाते, हा तो प्रश्न.

काहीतरी जन्मजात आहे हे दोन्ही बाजूंना मानावेच लागते, कारण शिकण्याची क्षमता तरी शिकण्याआधी असावी लागते. मतभेद असा आहे, की ही क्षमता सर्व विषयांना सारखीच लागू पडणारी आहे, की काही ठरावीक विषयांसाठी वेगवेगळ्या घडणीची आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ स्पेल्की यांनी दुसऱ्या मताची सर्वांत सुसंगत मांडणी केली आहे. त्यांच्या मते वस्तू, हेतूने वागणारे प्राणी, संख्या आणि जागेची भूमिती यांसाठी मनात छोट्या, स्वतंत्र व्यवस्था असतात, सामाजिक नात्यांसाठीही बहुधा अशीच एक असते, आणि प्रौढ माणसाचे सगळे ज्ञान त्यांच्यावर उभारले जाते.

जन्माच्या वेळी दिसते ते सगळे जन्मजात मानायचे का?

नाही, आणि जे नंतर दिसते ते सगळे शिकलेले असेही नाही. दात जन्मतः नसतात, पण ते कोणी शिकत नाही. उलट १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना अशी चोखणी दिली, की चोखण्याची लय बदलली की कानावर पडणारा ध्वनिमुद्रित आवाज बदलत असे. बाळांनी आपल्या आईचा आवाज ऐकू येईल अशी लय धरली. आईच्या विशिष्ट आवाजाचे ज्ञान आनुवंशिक असणे शक्यच नाही. ते गर्भातले शिक्षण आहे. म्हणून या चर्चेत वयापेक्षा वेगळी कसोटी लावावी लागते: ही क्षमता शिकण्यातून आली का, आणि शिकण्यातून आली नसेल असे म्हणायला पुरावा काय?

हा वाद किती जुना आहे?

जवळजवळ अडीच हजार वर्षे. प्लेटोच्या मेनो या संवादात सॉक्रेटिस भूमिती कधीही न शिकलेल्या एका गुलाम मुलाला केवळ प्रश्न विचारत, दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावा या उत्तरापर्यंत आणतो, आणि निष्कर्ष काढतो की हे ज्ञान आत्म्याला आधीच होते, मुलाला फक्त ते आठवले.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांमधला युक्तिवाद मला याहून धारदार वाटतो, कारण त्यात प्रतिपक्षाला पुरेपूर बोलू दिले आहे. तिसऱ्या अध्यायात सूत्रकार म्हणतात की नवजात अर्भकाला हर्ष, भय आणि शोक होताना दिसतात, त्याला स्तनपानाची ओढ असते, आणि या जन्मातला कोणताही अनुभव त्याच्या गाठीशी नसल्यामुळे ही पूर्वीच्या अभ्यासाची स्मृती मानली पाहिजे. प्रतिपक्ष लगेच आक्षेप घेतो की कमळ उमलते आणि मिटते, लोखंड चुंबकाकडे ओढले जाते. त्यांना कोठे पूर्वजन्म आहे? म्हणजे जे वर्तन स्मृतीने समजावून देता, ते केवळ शरीराच्या घडणीनेही समजावता येईल. सूत्रकारांचे उत्तर असे की कमळाच्या विकारांना ऊन, थंडी, पाऊस अशी ठरलेली कारणे असतात; अर्भकाच्या हर्ष-भयामागे तशी दिसत नाहीत. पूर्वजन्माचा निष्कर्ष मान्य असो वा नसो, युक्तिवादाचा साचा ओळखून ठेवण्याजोगा आहे: या आयुष्यात मिळण्याची संधी नव्हती, तरी ते आहे, म्हणून ते आधीपासून होते. मेनोमधला साचा हाच आहे, आणि विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी भाषेबद्दल मांडलेला साचाही हाच. त्यामुळे प्रत्येक वेळी तपासायचे ते एवढेच, की संधी खरोखरच नव्हती का.

युरोपात जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या शेवटी मनाला कोरा कागद म्हटले. लाइब्निझने त्याला सविस्तर उत्तर लिहिले आणि मनाची तुलना अशा संगमरवराशी केली, ज्याच्या अंगच्या शिरांमध्ये मूर्तीची रूपरेषा आधीच असते. हे उत्तर १७०४ च्या सुमारास लिहून झाले, पण लॉकच्या निधनामुळे त्याने ते प्रसिद्ध केले नाही आणि ते छापून आले १७६५ मध्ये. कांटने १७८१ मध्ये अवकाश, काळ आणि कार्यकारणभाव या अनुभवाच्याच पूर्वअटी आहेत अशी मांडणी केली. त्यानंतर प्रश्न हळूहळू तत्त्वज्ञांच्या हातून प्रयोग करणाऱ्यांच्या हाती गेला.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते, हे कळते कसे?

त्याच्या नजरेवरून. १९६० च्या सुमारास रॉबर्ट फँट्झ यांनी दाखवून दिले की अगदी लहान बाळेही काही आकृत्यांकडे इतरांपेक्षा जास्त वेळ पाहतात आणि हा वेळ मोजता येतो. एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले की बाळ कंटाळते, आणि काही नवे किंवा अनपेक्षित घडले की पुन्हा टक लावून पाहते. या एवढ्याशा निरीक्षणावर पुढचे निम्मे संशोधन उभे आहे.

रेने बायार्जाँ, स्पेल्की आणि स्टॅनली वासरमन यांचा १९८५ चा प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पाच महिन्यांच्या बाळासमोर टेबलावर एक फळी आडवी पडलेली असते. तिची बाळाकडची कड वर उचलली जाते, फळी उभी राहते आणि तशीच पुढे कलंडत पलीकडच्या बाजूला सपाट पडते. मग ती त्याच मार्गाने परत येते. बाळ हे पाहून कंटाळले की फळीच्या मागे एक खोका ठेवला जातो. फळी उभी झाली की खोका झाकला जातो. आता दोन शक्यता दाखवतात. एकीत फळी खोक्याला टेकून थांबते, जसे घडायला हवे. दुसरीत एका चोरदारातून खोका गुपचूप काढून घेतलेला असतो आणि फळी पूर्वीसारखीच पूर्ण सपाट पडते, म्हणजे घन खोक्याच्या आरपार गेल्यासारखी. बाळे दुसऱ्या दृश्याकडे जास्त वेळ पाहतात. हे दृश्य त्यांनी कंटाळा येईपर्यंत पाहिलेल्या हालचालीसारखेच असूनही ती जास्त पाहतात, हे त्यातले मर्म. बायार्जाँ यांना १९८७ मध्ये साडेतीन ते साडेचार महिन्यांच्या काही बाळांमध्येही हाच परिणाम दिसला.

हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मताला थेट आव्हान होते. पियाजे यांच्या मते वस्तू नजरेआडही टिकून असते ही समजूत बाळ हाताळण्यातून, शोधण्यातून, पहिल्या दीड-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बांधते.

टक लावून पाहणे म्हणजे समजणे असे म्हणता येईल का?

या क्षेत्राची सर्वांत दुखरी नस हीच आहे, आणि जन्मजात ज्ञानाचे समर्थक तिच्यावरून जरा घाईने पुढे जातात असे माझे मत आहे. जास्त वेळ पाहण्याची कारणे अनेक असू शकतात. फळी पूर्ण फिरणे ही नुसती जास्त हालचाल आहे, आणि बाळांना हालचाल आवडते. किंवा बाळ अजून पुरते कंटाळलेलेच नसेल, आणि तेव्हा त्याला ओळखीचे दृश्यच जास्त खेचते. असे आक्षेप प्रयोगांसह घेतले गेले आहेत. मार्शल हेथ यांनी १९९८ मध्ये एवढेच विचारले, की दोन-चार सेकंदांच्या जास्तीच्या नजरेवरून आपण बाळाच्या डोक्यात तर्क, अपेक्षा आणि आश्चर्य भरून तर ठेवत नाही ना.

दुसरीकडे पियाजे यांचे प्रसिद्ध निरीक्षण आहे: नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणे अनेकदा पहिल्या कापडाखाली लपवा, मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कापडाखाली लपवा, ते पहिल्याच कापडाखाली शोधते. चौथ्या महिन्यात खोका टिकून असतो हे ज्याला कळते, त्याला दहाव्या महिन्यात खेळणे का सापडू नये? एक सयुक्तिक उत्तर असे, की सवयीची हालचाल आवरण्याची मेंदूच्या पुढच्या भागाची क्षमता तेव्हा कच्ची असते, म्हणजे ज्ञान असते पण हात ऐकत नाही. दुसरे उत्तर असे, की ज्ञान हे असते किंवा नसते अशा प्रकारचे नसून ते दुबळे किंवा बळकट असते, आणि दुबळे ज्ञान नजरेला पुरते, हाताला पुरत नाही. मला दुसरे उत्तर जास्त पटते, कारण त्यात दोन्ही प्रकारची निरीक्षणे नाकारावी लागत नाहीत.

मग नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वस्तू ‘वस्तू’ म्हणून दिसते का?

येथे पुरावा सरळ नाही. फिलिप केलमन आणि स्पेल्की यांनी १९८३ मध्ये चार महिन्यांच्या बाळांना एका ठोकळ्यामागे डावी-उजवीकडे सरकणारी काठी दाखवली. काठीचे फक्त वरचे आणि खालचे टोक दिसत होते. नंतर ठोकळा काढून एकदा अखंड काठी आणि एकदा दोन सुटे तुकडे दाखवले. बाळांनी तुकड्यांकडे जास्त वेळ पाहिले, म्हणजे मागे काठी अखंड असल्याचे त्यांनी धरले होते. एकत्र हलते ते एकच, हा नियम ती वापरत होती. पण ॲलन स्लेटर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हाच प्रयोग नवजात बाळांवर केला, तेव्हा निकाल उलटा आला: त्यांनी अखंड काठीकडे जास्त पाहिले, जणू त्यांना दिसली होती तशीच दोन टोके त्यांनी धरली होती. पुढे ठोकळा अरुंद केल्यावर दोन महिन्यांच्या बाळांनाही काठी अखंड वाटते असे आढळले, आणि हालचाल वेगळ्या प्रकारे, टप्प्याटप्प्याने दाखवल्यावर नवजातांमध्येही तसा कल दिसला.

माणसाच्या मुलाला अंधारात वाढवून प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणून कोंबडीच्या पिलांचा पुरावा मोलाचा ठरतो. लूचिया रेगोलीन आणि जॉर्जो व्हालोर्तिगारा यांनी १९९५ मध्ये नुकत्याच अंड्याबाहेर आलेल्या पिलांना अर्धवट झाकलेला त्रिकोण हीच त्यांची ‘आई’ म्हणून दाखवला. नंतर निवड करायला दिल्यावर पिले तुकड्या-तुकड्यांच्या त्रिकोणाऐवजी अखंड त्रिकोणाकडे गेली. त्या पिलांनी झाकलेली आणि मग उघडी पडलेली वस्तू त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. संधी खरोखरच नव्हती, असे छातीठोकपणे म्हणता येण्याजोगे हे एक दुर्मीळ उदाहरण आहे. अर्थात कोंबडीच्या मेंदूत जे आहे ते माणसाच्या मेंदूतही असेलच असे नाही. मात्र असा मेंदू निसर्गात घडू शकतो, एवढे तर सिद्ध होते.

जन्मांध व्यक्तीला पुढे दृष्टी मिळाली तर काय होते?

आयरिश तत्त्वज्ञ विल्यम मॉलिन्यू याने हाच प्रश्न लॉकला विचारला होता: स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांध माणसाला अचानक दिसू लागले, तर हात न लावता तो त्यांतला फरक सांगू शकेल का? तीनशेहून अधिक वर्षांनी पवन सिन्हा यांच्या प्रकाश या प्रकल्पात, भारतात बहुतांशी मोतीबिंदूमुळे जन्मापासून न दिसणाऱ्या आणि उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांची चाचणी घेतली गेली; तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना सुरुवातीला जवळजवळ जमले नाही, पण काही दिवसांतच जमू लागले. लॉकचे ‘नाही’ हे उत्तर बरोबर ठरले असे सहसा सांगितले जाते. मला त्या काही दिवसांचे अधिक नवल वाटते. इतक्या थोड्या वेळात जोडणी होते, याचा अर्थ जोडायची दोन्ही टोके आधीच एकमेकांशी जुळणारी असावीत.

संख्येची जाण उपजत असते का?

सर्वांत भक्कम पुरावा येथे आहे, आणि जन्मजात आधार किती तोकडा असतो तेही येथेच नीट दिसते.

फेई शू आणि स्पेल्की यांना २००० मध्ये आढळले की सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक कळतो, पण ८ आणि १२ मधला कळत नाही. फरक किती आहे यापेक्षा प्रमाण काय आहे हे महत्त्वाचे असते, आणि वयाबरोबर ही जाण बारीक होत जाते. २००९ मध्ये व्हेरोनिक इझार आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दोन दिवसांच्या बाळांना चार-चार किंवा बारा-बारा ध्वनींच्या मालिका ऐकवल्या आणि मग चार किंवा बारा आकृत्या दाखवल्या. ऐकलेल्या संख्येशी जुळणाऱ्या चित्राकडे बाळांनी जास्त वेळ पाहिले. ध्वनी कानाचा, चित्र डोळ्यांचे, आणि दोहोंत समान काय तर केवळ संख्या. चार आणि आठ यांत मात्र त्यांना फरक करता आला नाही. कॅरेन विन यांचा १९९२ चा प्रयोग अधिक प्रसिद्ध आहे: पडद्यामागे एक बाहुली, मग आणखी एक, आणि पडदा उघडल्यावर एकच दिसली तर पाच महिन्यांची बाळे जास्त वेळ पाहतात. त्यावर ओळखीच्या दृश्याचा जुना आक्षेप घेतला गेला आहे, म्हणून मी त्यापेक्षा नवजातांच्या प्रयोगाला अधिक वजन देईन.

आता दुसरी बाजू. ब्राझीलमधल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत साधारण पाचापर्यंतच संख्याशब्द आहेत. पिएर पिका, स्टॅनिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की ठिपक्यांच्या दोन मोठ्या समूहांपैकी कोणता मोठा, हे ते लोक जवळजवळ फ्रेंच प्रौढांइतकेच अचूक सांगतात. पण डब्यात काही ठिपके पडले, त्यांतले काही बाहेर आले, तर नेमके किती उरले, हे संख्या चार-पाचाच्या पुढे गेली की त्यांना अचूक सांगता येत नाही. नेमकी मोठी संख्या ही उपजत देणगी नाही. तिला मोजणीची परंपरा लागते.

ती परंपरा मुले कशी आत्मसात करतात हे पाहणे फार उद्बोधक आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते, पण ‘तीन दे’ म्हटले की मूठभर वस्तू उचलून देते. त्याला आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास एकदम सगळ्या संख्या कळतात, कारण मोजताना म्हटलेला शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, हे त्याच्या लक्षात येते. सुझन केरी यांच्या मते येथे खरोखर नवी संकल्पना जन्माला येते, जी कोणत्याही उपजत व्यवस्थेत नव्हती. मला ही मांडणी या संपूर्ण वादातली सर्वांत फलदायी वाटते, कारण पाया जन्मजात मानूनही इमारत शिकलेली असू शकते, हे तिने प्रत्यक्ष उदाहरणाने दाखवले.

जागेची जाण कशी असते?

लिंडा हर्मर आणि स्पेल्की यांनी १९९४ मध्ये दीड ते दोन वर्षांच्या मुलांना एका लहान आयताकार पांढऱ्या खोलीत नेले, कोपऱ्यात खेळणे लपवले, मुलांना डोळे झाकून गोल फिरवले आणि शोधायला सांगितले. मुले योग्य कोपऱ्यात आणि बरोबर त्याच्या समोरच्या, भूमितीच्या दृष्टीने तशाच असलेल्या कोपऱ्यात सारख्याच प्रमाणात गेली. एक भिंत ठळक निळी केली तरी त्यांनी तिचा उपयोग केला नाही. १९८६ मध्ये केन चेंग यांना उंदरांमध्येही असेच वर्तन दिसले होते. मात्र खोली मोठी घेतली तर त्याच वयाची मुले निळी भिंत वापरतात असे पुढे आढळले, त्यामुळे भूमितीची व्यवस्था इतर सर्व माहितीला पूर्णपणे बंद असते हा मूळ दावा सौम्य करावा लागला.

भाषा जन्मजात असते का?

मराठी किंवा जपानी अर्थातच नाही. चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये वर्तनवादावर, म्हणजे सगळे वागणे सवयीने आणि बक्षीस-शिक्षेने घडते या मतावर, टीका करताना आणि नंतर असे म्हटले, की मुलाच्या कानावर पडणारी वाक्ये मोजकी आणि अपुरी असतात, तरी ते व्याकरणाचे अत्यंत सूक्ष्म नियम बिनचूक पाळते. तेव्हा व्याकरणाचा आराखडा त्याच्यापाशी आधीच असला पाहिजे. याच्या बाजूचे बोलके उदाहरण निकाराग्वाचे आहे. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांना प्रथमच शाळेत एकत्र आणले गेले. त्यांना कोणी खूणभाषा शिकवली नव्हती. घरोघरच्या खुणांतून त्यांनी एक सामाईक भाषा घडवली, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी तिला पहिल्या पिढीपेक्षा अधिक नियमबद्ध केले. ऐकले त्यापेक्षा जास्त, किंवा येथे पाहिले त्यापेक्षा जास्त, मुले देऊन गेली.

पण ‘संधी नव्हती’ या दाव्याला धक्काही बसला आहे. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची विरामाशिवायची मालिका फक्त दोन मिनिटे ऐकवली. कोणते अक्षर कोणत्यामागून किती वेळा येते एवढ्यावरून बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे काढले. मुलाच्या अनुभवात आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त माहिती असते, आणि ती वेचण्याची शक्तीही मोठी असते.

मराठी वाचकाला सहज पडताळता येईल असे एक उदाहरण म्हणजे ‘त’ आणि ‘ट’. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतल्या दंत्य आणि मूर्धन्य ध्वनींचा हा फरक इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. येथे अनुभवाने नवे काही दिले नाही. जे आधी होते त्यातले न लागणारे काढून टाकले.

कोणते दावे आता डळमळीत वाटतात?

नवजात बाळे समोरच्याचे पाहून जीभ बाहेर काढतात, असे अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी १९७७ मध्ये सांगितले. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ते छापले गेले. २०१६ मध्ये शंभराहून अधिक बाळांवर केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात अनुकरणाचा पुरावा आढळला नाही. मूळ संशोधकांनी त्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत, पण माझ्या दृष्टीने हा दावा आता पायाचा दगड मानण्याइतका पक्का राहिलेला नाही.

नैतिकतेचेही तसेच. २००७ मध्ये काइली हॅम्लिन, विन आणि पॉल ब्लूम यांना सहा आणि दहा महिन्यांची बाळे चढ चढणाऱ्याला अडवणाऱ्या आकृतीपेक्षा मदत करणारी आकृती उचलताना दिसली. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा असा कल दिसला नाही. त्यात प्रत्यक्ष खेळाऐवजी चित्रफीत दाखवली होती, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

चेहऱ्यांची गोष्ट अधांतरी आहे. नवजात बाळे चेहऱ्यासारख्या मांडणीच्या मागे नजर फिरवतात हे बरेच पक्के आहे. पण चेहरा अजिबात न दाखवता वाढवलेल्या माकडांवरचे दोन अभ्यास वेगवेगळ्या दिशा दाखवतात: २००८ मधल्या अभ्यासात त्यांना चेहऱ्यांची ओढ दिसली, तर २०१७ मधल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूत चेहऱ्यांसाठीचे खास भाग तयारच झाले नव्हते. ओढ उपजत आणि कौशल्य कमावलेले, अशी वाटणी यातून निघू शकते.

जनुके इतकी थोडी असताना त्यांत ज्ञान मावते कसे?

माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आणि मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. तेव्हा प्रत्येक जोडणी जनुकांत लिहिलेली असणे अशक्यच. पण कोणी गंभीर अभ्यासक तसे म्हणतही नाही. जनुके बांधणीची प्रक्रिया ठरवतात. डोळे उघडण्यापूर्वीच प्राण्यांच्या दृष्टिपटलावर आपोआप विद्युत लहरी उठत असतात, आणि शेजारशेजारचे बिंदू एकदम जागे होत असल्यामुळे त्यांच्या मेंदूतल्या जोडण्याही शेजारशेजारच्या होत जातात. मेंदू जग पाहण्याआधी स्वतःच स्वतःला सराव देतो. याला शिकणे म्हणावे की जन्मजात म्हणावे, असा प्रश्न येथे जवळजवळ निरर्थक होतो. आणि पुढे खरा अनुभव लागतोच: डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तेव्हा तो उघडल्यानंतरही मेंदूने त्याला जवळजवळ थारा दिला नाही.

सगळ्याच संकल्पना जन्मजात आहेत असे कोणी म्हटले आहे का?

होय, तत्त्वज्ञ जेरी फोडर यांनी १९७५ मध्ये आणि नंतर. नवी संकल्पना शिकायची तर ती आधी कल्पिता आली पाहिजे, मग ती नवी कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोडणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे, पण मोजणी शिकणारे मूल हे त्याला चांगले उत्तर आहे.

‘जन्मजात’ म्हणजे न बदलणारे, किंवा काहींना मिळालेले आणि काहींना न मिळालेले, असा अर्थ होतो का?

मुळीच नाही, आणि या गैरसमजाने या विषयाचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. येथे चर्चा आहे ती सर्व माणसांत सारख्या असलेल्या आधारांची; व्यक्ती-व्यक्तींतले किंवा गटा-गटांतले फरक हा निराळा प्रश्न आहे, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. २००५ मध्ये हार्वर्डमध्ये स्पेल्की आणि स्टीव्हन पिंकर यांचा विज्ञानक्षेत्रातल्या स्त्रियांच्या कमी संख्येबद्दल जाहीर वाद झाला. दोघेही जन्मजात आधार मानणारे. पण स्त्री-पुरुषांच्या उपजत क्षमतेतला फरक हे त्याचे कारण नाही, अशी बाजू स्पेल्की यांनीच मांडली. तिला आधार होता तो बाळांवरच्याच संशोधनाचा, कारण त्यात मुलगे आणि मुली यांची सुरुवात सारखीच दिसते.

भाषा वापरणाऱ्या संगणकीय प्रणालींमुळे अनुभववाद (ज्ञान अनुभवातूनच येते हे मत) सिद्ध झाला का?

व्याकरण आधीच न भरता केवळ मजकुरातून व्याकरणशुद्ध भाषा निर्माण होऊ शकते, हे त्यांनी दाखवले, आणि ‘हे अशक्य आहे’ असे म्हणणाऱ्यांना आपला दावा मागे घ्यावा लागेल. परंतु मोठ्या प्रणालींना लाखो कोटी शब्द दिले जातात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर पडलेले शब्द काही कोटींच्या घरात असतात. इतक्या थोड्यात मूल कसे भागवते, हा मूळ प्रश्न जागच्या जागी आहे.

पालकांनी या संशोधनातून काय घ्यावे?

बाळाला गणित शिकवणारी खेळणी आणि चित्रफिती घेण्याचे कारण यातून निघत नाही. उपजत व्यवस्थांना लागणारा अनुभव रोजच्या वावरात भरपूर असतो, आणि माणसाची जागा पडदा घेत नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचा सहवास दिला. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणाऱ्या बाळांनी त्या भाषेतला ध्वनिभेद टिकवला. तीच व्यक्ती, तेवढाच वेळ, पण चित्रफितीतून ऐकणारी बाळे काहीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा पुढे गेली नाहीत.